बुडवून ठेवलेली नाव

ज्वारी चिकात आली की आमच्या शिवारात जिकडंतिकडं आगट्या पेटतात. गोवऱ्यांच्या विस्तवात कणीस भाजायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आन हिरवे दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. लोकांना ह्या वासानं भूक लागते. मला ह्या वासानं राग येतो. आता तीन-चार वर्षं झाली, पण हुरड्याचा धूर नाकात गेला की तो राग जिथं ठेवला होता तिथंच सापडतो. विस्तव राखेखाली ठेवावा तसा.

ह्याच दिवसात मांजरा धरणाचं पाणी मागं सरायला लागतं. पहिल्यांदा कडेच्या बाभळींची खोडं उघडी पडतात. मग जुन्या बुडीत शिवाराचे बांध दिसतात, आपण मेलो नाही हे दाखवल्यासारखे. पाणी बोटभर सरतं, दोन बोटं सरतं, लोक त्याच्या मागं मागं जाऊन गाळात हरभरा टाकतात. धरणाचं पाणी जातं, पण सांगून जातं. ओल्या गाळावर रेघा ओढून जातं. काल कुठं होतं, परवा कुठं होतं, सगळं वाचून घ्यावं. आमी त्याच्यावर रुसत नाही, कारण ते फसवत नाही.

आमी भोई. माझा बाप मांजरेला पूर आला की पैलतीरची माणसं काढायचा. पुढं धरण झालं, नदीचं तळं झालं, तसे आमी तळ्याचे झालो. पावसाळ्यानंतर पाणी भरलं की मी ह्या काठची माणसं त्या काठी नेतो. कुणाला रानात जायचं, कुणाला युसूफ वडगावच्या बाजाराला, कुणाची लेक बाळंतीण होऊन अंबाजोगाईहून परत आलेली. सडकेनं गेलं तर लई मोठा वळसा. नावेत बसलं की चिलीम ओढून होईस्तोवर पैलतीर.

आमचं सगळं घरच नावेतलं. आमची मंडळी सुंदराबाई लग्न होऊन आली तेव्हा पाण्याला भीत होती. पुढं तीच मागं बसून वल्हं मारायची, नावेत आलेलं पाणी उपसायची आन फटींत कोंबायला आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून द्यायची. आमचा दत्ता तान्हा होता तेव्हा नावेच्या दोन काठांना झोळी बांधून त्यात निजवलेला. नाव हलली की झोळी हलायची. त्याला जमिनीवरच्या पाळण्यात झोप यायची नाही. असलं ते पोरगं.

आता एक गोष्ट सांगतो, कारण शहरातल्या माणसाला ती ठाऊक नसती. लाकडाची नाव उन्हात पडली की तिच्या फळ्या आकसतात, फटी पडतात. पाण्यात राहिली की त्या फुगून एकमेकींना गच्च धरतात. म्हणून पाणी मागं सरलं, लोकांना चालायला वाट झाली, नावेचं काम संपलं, की आमी तिच्यात दगडं भरतो आन कमरेइतक्या पाण्यात तिला बुडवून ठेवतो. नवा माणूस बघून हसतो. म्हणतो, हे येडं बघा, आपलीच नाव बुडवतंय. हसू दे. पण बुडवून विसरायचं नाही. पाणी मागं गेलं की दगडं काढायची, नाव पाण्यामागं ओढायची, परत बुडवायची. मिरगापर्यंत हेच. जो ओढायला चुकला त्याची नाव गेली.

दत्ता मोठा झाला आन रत्नागिरीला गेला, मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून. भोयाचं पोरगं समुद्रात गेलं म्हणून मला लई गर्व. नांदूरघाटच्या पाहुण्यांत बसलो की मी मुद्दाम विषय काढायचो. कुणी म्हणायचं, माझा मुलगा पुण्याला कंपनीत हाय. मी म्हणायचो, असंल. आमचा समुद्रात असतो.

त्या साली तो हुरड्याला आलता. आगटीभोवती आमी बसलो होतो. सुंदरा कणसं चोळत होती. दत्तानं गरम दाणे ह्या हातातून त्या हातात खेळवले आन म्हणाला,

"तात्या, रत्नागिरीला खाडीत एक नाव हाय. ह्या काठची मान्सं त्या काठी न्यायची. चालवनारा म्हातारा थकलाय. मालक म्हनला, वल्ह्याचा जुना मानूस पायजे. म्या म्हनलं, माझ्या बापासारखा मानूस सगळ्या कोकनात गावनार न्हाई."

मी म्हणालो, "हितली नाव?"

"हितलं पानी तर आता चाललं मागं. नाव तशी बी बुडवूनच ठिवायची. भागवत वढंल की."

भागवत म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा पोरगा, शेजारीच राहणारा. मी सुंदराकडं बघितलं. ती खाली मान घालून कणीस चोळत होती. लई वेळ एकच कणीस चोळत होती. मला वाटलं, घर सोडायचं म्हणून तिला वाईट वाटतंय. मी म्हणालो, "चल गं, समुद्र बघू. आपल्याला काय पान्याचं भ्या हाय का?" ती म्हणाली, "चला." एवढंच.

मी आन भागवतनं मिळून नाव बुडवली. मी त्याला पाच वेळा सांगितलं, पाण्यावर डोळा ठेव. तो म्हणाला, "काका, म्या काय लहान हाय का?"

अंबाजोगाईहून लातूर, मग सोलापूर, मग कोल्हापूर. घाट उतरताना सुंदरा लिंबू हुंगत बसली आन मी खिडकीतून बघत होतो की पाणी कधी दिसतंय. पाणी दिसायच्या आधी वास आला. मी म्हणालो, आलं. तिनं डोळे न उघडताच मान हलवली. तिच्या पिशवीत ज्वारीचं पीठ, हुरड्याची राहिलेली कणसं आन एक प्लास्टिकची बाटली होती, मांजरेच्या पाण्यानं भरलेली.

ती बाटली कावून, ते सांगतो. आमच्या घरात रीत आहे. नव्या पाण्यावर नाव घालायची असंल तर आधी आपलं पाणी त्या पाण्यात ओतायचं. वळख करून द्यायची. आमच्या आईनं धरण भरलं तेव्हा विहिरीचं पाणी आणून ओतलं होतं. ज्याला वळख नाही त्याला पाणी धरत नाही, असं ती म्हणायची.

पहिल्या सकाळी आमी दोघं मांडवीच्या किनाऱ्याला गेलो. काळी वाळू, समोर पाण्याला शेवट नाही. मला पैलतीर शोधायची सवय. डोळे शोध शोध शोधतात आन काहीच गावत नाही. मला घेरी आल्यासारखं झालं. सुंदरा लुगडं गुडघ्याइतकं वर खोचून पाण्यात गेली. तिनं हळद-कुंकू वाहिलं, बाटलीचं टोपण काढलं आन आपलं मांजरेचं पाणी त्या एवढ्या मोठ्या पाण्यात ओतलं. तोंडानं काहीतरी पुटपुटली. एक लाट आली आन तिला कमरेपर्यंत भिजवून गेली. ती हसली. तिला तशी हसताना मी लई वर्षांनी बघितली.

"काय म्हनलीस त्याला?"

"बायांचं असतंय ते. तुमाला काय करायचं?"

दत्ताची खोली चढावर होती, जांभ्या दगडाच्या भिंतींच्या गल्लीत. सून सविता, तिची तान्ही पोरगी ओवी, वर पत्रा. बिचारी सविता चांगली. "मामा, चहा घ्या, मामा, पान घ्या," लई करायची. मी विचारलं, "नाव कुठंय?" दत्ता म्हणाला, "दाखवतो की तात्या. आदी गाव बघा. मालक भायेरगावी गेलाय." आन तो बोटीवर गेला.

मग आमी गाव बघितलं. काय गाव ते! सगळं चढ-उतार, एक वाट सरळ नाही. भिंती सगळ्या तांबड्या, एकीसारखी दुसरी. दुसऱ्याच दिवशी आमी चुकलो. सुंदरा म्हणाली, "कुनाला तरी इचारा की."

"इचारायचं कशाला? पानी उताराला असतंय. उतार धर, समुद्र येतोय, तिथून घर ठावं हाय."

उतार धरला. समुद्र आला. पण तो आमचा समुद्र नव्हताच. काळी वाळू नाही, तो किनारा नाही, भलतंच काहीतरी. परत चढलो, दुसरा उतार धरला, तर तिकडं खाडी. तिसरीकडं गेलो तर बोटींचा धक्का. त्या गावाला जिकडं बघावं तिकडं पाणी. आमच्याकडं पाणी एकच असतं आन एकाच बाजूला असतं. सुंदरा दगडावर बसली आन तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"आवो, तुमच्या उताराला लई समुद्र हायती."

"चूप बस."

"इचारू का आता कुनाला?"

"मला ठावं हाय वाट."

ऊन कलल्यावर तिनंच एका बाईला विचारलं. खोली तिथून मागच्याच गल्लीत निघाली. मी म्हणालो, मी तिकडंच निघालो होतो.

बोटींच्या धक्क्यावर मात्र मी रोज जायचो. मिरकरवाड्याला बोटी एवढ्या की एकीवरून दुसरीवर पाय टाकत जावं. निळ्या, तांबड्या, हिरव्या, वर फडकणारी निशाणं. बायका माशाच्या ढिगाभोवती वरडत बोली करायच्या, बरफाचा चुरा पायाखाली करकरायचा, घारी अशा खाली यायच्या की मुंडासं सांभाळावं. कुत्रीसुद्धा तिथली लठ्ठ, माशाकडं ढुंकून बघत नाहीत. मी प्रत्येक बोटीत वाकून बघायचो की वल्हं कुठंय. वल्हं नाहीच. इंजिन. एका पोरसवदा खलाशाला मी म्हणालो, "तुजं इंजिन बंद पडलं तर?" तो म्हणाला, "फोन करायचा." मला त्याची दया आली.

सुंदराला ते गाव आवडायला लागलं होतं, हे मला कळत होतं. समुद्राचे मासे तिला गोड लागायचे, मला खारट. पत्र्याखाली घाम यायचा, मिठाला डब्यातच पाणी सुटायचं, आमचं ज्वारीचं पीठ गोळा होऊन बसलं. मी कुरकुर करायचो, ती चाळणीनं चाळायची. शेजारणी यायच्या, त्यांचं बोलणं हिला कळायचं नाही, हिचं त्यांना नाही, तरी दोन्हीकडून हसणं चाललेलं. ओवीला तेल लावायची, न्हाऊ घालायची. मांडीवर घेऊन बसली की तिचा गुडघा हलायचा, नाव हलते तसा. पोरगी लगेच झोपायची.

महिना होत आला, मी रोज विचारायचो, "नाव?" दत्ता रोज म्हणायचा, "उद्या."

मग एका दिवशी मला ती दिसली.

खाडीच्या दगडी पायऱ्यांजवळ एक लाकडी होडी. लहान, जुनी, दोन वल्ही आत पडलेली. सगळ्या खाडीत वल्ही असलेली तेवढी एक. मी तिच्याकडं बघितलं आन माझं काळीज म्हणालं, हीच. दुसरी कुठली असणार? दत्तानं सांगितलेली, म्हातारा थकलाय ती. पण तिची दशा बघून मला राग आला. दोर असा ढिला सोडलेला की होडी इकडून तिकडं भटकत होती, येऊन पायरीला धडकत होती. असा दोर कोण सोडतं? त्या म्हाताऱ्याला थकलाय म्हणून माफ, पण मी तर थकलेलो नव्हतो.

दुपारचं ऊन चढलेलं, अवस जवळ आलेली, पाणी पायऱ्यांच्या वरच्या अंगापर्यंत तुडुंब. मी होडी ओढून घेतली. पायरीतल्या वरच्या लोखंडी कडीला दोर आवळून, आखूड, दोन गाठी मारून बांधली, जसं मी आयुष्यभर बांधत आलो. हातभर सुद्धा हलणार नाही अशी. आत उतरून पाणी उपसलं, वल्ही नीट लावली. लई दिवसांनी हाताला काम लागलं. मग घरी जाऊन पोटभर जेवलो, सुंदराला म्हणालो, "नाव बघितली म्या." तिच्या हातातलं ताट थांबलं. म्हणाली, "कुनाची?" मी म्हणालो, "आपली." आन भिंतीकडं तोंड करून निवांत झोपलो.

ऊन उतरल्यावर परत गेलो तर पायऱ्यांवर माणसं गोळा झालेली. मला वाटलं, होडी नीट बांधलेली बघायला आलेत.

खाडीत पाणी नव्हतं. जिथं तुडुंब होतं तिथं चिखल, त्यात खेकडे पळताना दिसत होते. आन माझी होडी वरच्या कडीला नाकानं टांगलेली, बूड पार खाली, मेलेली शेळी टांगावी तशी. वल्ही चिखलात. कडी अर्धी उपटून आलेली. आमच्या धरणाचं पाणी इतकं सरायला उन्हाळा लागतो. हे पाणी मी झोपलो तेवढ्यात गेलं होतं. ना सांगणं, ना रेघ.

एक मासेवाली बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. होडी तिच्या नवऱ्याची.

"कोणी बांधलीन ही अशी? कोण तो शहाणा?"

मी पुढं झालो. मी आयुष्यात कधी मागं झालेलो नाही. म्हणालो, "म्या."

तिनं मला मुंडाशापासून पायापर्यंत बघितलं. "काय ओ आजोबा, होडी बांधलात की बैल?"

सगळे हसले. मला कुणी पाण्याच्या कामावरून हसावं, असं त्याआधी झालेलं नव्हतं. मी म्हणालो, "बाई, दाव्यानं नाव मोडत न्हाई, दावं सुटलं तर मोडती. मी दत्ताचा बाप. ही होडी मीच चालवनार हाय आता. तुमच्या मालकानं बोलावून घेतलंय."

"माझ्या घोवानं?" ती म्हणाली. "त्याला विचारल्याबिगर तो होडीला हात लावू देत नाय कोणाला. आणि दत्ता काय कधी आमच्याकडं आला नाय." मग तिचा आवाज जरा खाली आला. तिनं मला वळखलं. "तुम्ही सविताचे सासरे काय? म्हणजे पोर सांभाळायला आलात ते? सविता सांगत होती ना, सासू-सासरे येतायत कायमचे, म्हणून तर ती माझ्यासंगं कोळंबी सोलायच्या कामावर लागते सोमवारपासून."

बाई वाईट नव्हती. तिला वाटलं, मला ठाऊक आहे. तिनं मला होडी सोडायला मदत करायला लावली, गाठ कशी ढिली ठेवायची ते दाखवलं. पाणी येतंय-जातंय, दोराला जागा हवी, म्हणाली. मी तिच्या हाताकडं बघत होतो आन मला काही ऐकू येत नव्हतं. कायमचे. पोर सांभाळायला. खाडीत नाव नव्हतीच. थकलेला म्हातारा नव्हता. थकलेला म्हातारा मीच होतो, दत्ताच्या हिशोबात.

घरी आलो. दत्ता आलेला होता. मी दारातच उभा राहिलो.

"खाडीत नाव हाय का न्हाई?"

त्यानं आईकडं बघितलं.

"हाय का न्हाई बे?"

"न्हाई, तात्या."

"मग सांगितलंस कावून?"

"खरं सांगितलं असतं तर तुमी आला असता का?"

"न्हाई."

"मग?" त्याच्या डोळ्यात पाणी आलं. "पत्र्याच्या खोलीत तान्ही पोर ठिवून सवितानं कुठं जावं? आई एकटी आली नसती तुमाला सोडून. तुमी माझ्यासाठी आला नसता. नावंसाठी आलात."

"न्हाई आलो असतो," मी म्हणालो. "पर न येन्याचा हक माझा व्हता. त्यो तू चोरलास."

मग मी सुंदराकडं वळलो. ती लसूण सोलत होती. मला वाटलं, ती दत्तावर चिडेल. तिच्यासुद्धा तोंडाला पानं पुसली होती ना त्यानं. ती वर बघंना. तेव्हा मला ते कणीस आठवलं, आगटीपाशी लई वेळ चोळलेलं.

"तुला ठावं व्हतं."

"व्हतं."

"आन पानी वतलंस? हळद-कुंकू वाहिलंस? नाव नसताना? देवाधर्माला सुद्धा खोटं केलंस?"

तेव्हा तिनं वर बघितलं. रडत नव्हती. तिनं सांगितलं ते मी अजून एकेका शब्दानं जसंच्या तसं म्हणू शकतो.

"खोटं न्हाई केलं. नावंची वळख न्हाई करून दिली म्या. माझी दिली. हितं ऱ्हायचं मला व्हतं."

पोराचं खोटं पोटात जातं, पचवता येतं. पोरं खोटं बोलतात, आपण त्यांना लहानपणी बोलताना बघितलेलं असतं. पण ज्या माणसानं आपल्या मागं बसून वल्हं मारलं, त्याच्याकडं आपण वळून बघत नसतो. गरजच नसती. नाव सरळ चालली आहे एवढ्यावरूनच कळतं की मागचा माणूस मागं आहे. आन एक दिवस वळून बघावं तर त्यानं भलत्याच काठाला तोंड केलेलं. कधीपासून, ते सुद्धा सांगता येत नाही.

दुसऱ्या सकाळी मी निघालो. "चल," मी एकदा म्हणालो. दोनदा म्हणणं माझ्या स्वभावात नाही. ती म्हणाली, "पोरगी लहान हाय." तिनं भाकरी, चटणी बांधून दिली. आपल्याच ज्वारीच्या पिठाची भाकरी, गोळे फोडून चाळलेल्या पिठाची. ओवीला कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत आली. दत्ता स्टँडवर येतो म्हणाला, मी येऊ दिलं नाही. वाट मला ठाऊक होती. चुकलो दोनदा, पण कुणाला विचारलं नाही.

गावी आलो तर पिशवी घरात न टाकता आधी काठावर गेलो. पाणी लई दूर गेलेलं. माझी नाव भेगाळल्या गाळावर उताणी पडल्यासारखी, आतली दगडं पांढरी वाळलेली. फळ्यांमध्ये बोट जाईल अशा फटी. फटीतून पलीकडचा हरभरा दिसत होता. भागवत डोकं खाजवत आला.

"काका, पानी आवंदा लई बिगी बिगी मागं गेलं."

"पानी गेलं न्हाई बे. तू आला न्हाईस."

"मला वाटलं तुमी आता तिकडंच ऱ्हानार. दत्ता म्हनलता."

म्हणजे भागवतला सुद्धा ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक असंल. मी नांदूरघाटच्या पाहुण्यांना सांगून आलतो की मला समुद्रावर बोलावलंय. ते मान हलवत होते. आता वाटतं, ते हसू दाबत होते.

त्या उन्हाळ्यात मी नाव दुरुस्त केली. डांबर वितळवलं, फटींत ताग कोंबला. चिंध्या चांगल्या बसतात, पण चिंध्या करायला घरात तिचं एकच जुनं लुगडं राहिलंय, ट्रंकेत. ते मी फाडलं नाही. तागानं नाव थोडी गळते. गळू दे. उपसतो.

लोक म्हणतात, म्हातारा हट्टी आहे. पोरगा चांगला, सून चांगली, बायको सुखात, जाऊन राहावं. अहो, मला रत्नागिरीचं वाकडं नाही. मला खरं सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोललो नसतो. आन कदाचित गेलो असतो. कदाचित. पण ते आता कुणाला कधीच कळणार नाही, मला सुद्धा नाही. खोट्यानं एवढं केलं. माझं मलाच कळू दिलं नाही की मी किती वाईट आहे आन किती बरा आहे.

मधी सुंदरा दोनदा येऊन गेली, लग्नकार्याला, पाहुणीसारखी. तिच्या बोलण्यात तिकडचे शब्द आलेत. काठावर मात्र आली नाही. मी बोलावलं नाही, तिनं विचारलं नाही.

आन परवा फोन आला. शेजारच्या रानात आगटी पेटलेली, धूर इकडंच येत होता. ओवी आता बोलते.

"आजोबा, तुमची बोट कुठंय?"

"पान्याखाली."

"बुडाली?" तिचा आवाज रडका झाला.

"न्हाई गं बाय. बुडवून ठिवलीय."

"का?"

मला तिला समजून सांगता आलं नाही. मग फोन सुंदरानं घेतला. तिकडं मागं पत्र्यावर कावळा चालल्याचा आवाज येत होता.

"पोरगी हुरडा मागतीया," ती म्हणाली. "घिऊन येते म्हनलं. ह्या येळंला काठावर बी येते."

"ये."

"पानी मागं सरलं असंल."

"सरलंय."

"नाव वढली का?"

"वढली," मी म्हणालो.

वढलेली नव्हती. नावेचं नाक पाण्याच्या वर आलं आहे. भागवतला हाक मारली तर तो आता धावत येतो, त्या सालापासून लई धावतो. मी हाक मारलेली नाही. माफ केलं असं कुणी समजू नये. मी माफ केलेलं नाही. पण ती नाव पहिल्यापासून दोघांनी ओढायची आहे, एक नाकाला, एक मागं.

तोवर नाक वाळू नये म्हणून मी सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन काठावर जातो आन त्याच्यावर पाणी ओतत बसतो.